ऐतिहासिक वास्तूंतील सरकारी विद्यालये

ऐतिहासिक वास्तूंतील सरकारी विद्यालये : पूर्वीच्या राजवटींचे वाडे, राजवाडे, किल्ल्यांतील महाल वा त्यांचे परिसर यांत शासनाने स्थापन केलेली अथवा चालविलेली सार्वजनिक विद्यालये. दूरदूरच्या गावांतील निवडक विद्यार्थ्यांना आकर्षित करणारी आणि परिसरातील अन्य शाळांना नमुना ठरणारी विद्यालये एकोणिसाव्या शतकापासून महाराष्ट्रात अशा वास्तूंत भरत आली. पुण्याचा विश्रामबाग वाडा, साताऱ्याचा राजवाडा, कोल्हापूरचा भवानी मंडपाचा परिसर व औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) किलेअर्क ही त्यांची प्रमुख स्थाने होत. सत्तेची वास्तू विद्येची वास्तू झाली, एवढ्यापुरताच ह्या विद्यालयांचा इतिहास मर्यादित नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या उत्तम शाळेत कोणाला प्रवेश मिळावा, ह्या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

पार्श्वभूमी : राजवट संपुष्टात आली, की तिच्या वास्तू नव्या शासनाच्या ताब्यात येतात. त्या प्रशस्त व शहराच्या मध्यभागी असतात आणि लोकांना परिचित असतात. नव्या इमारतीवर खर्च न करता कचेऱ्या, न्यायालये, तुरुंग व शाळा त्यांत सामावता येतात. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर पॅरिसमधील सेंट जेनेव्हीव्ह मठाच्या इमारतीत १७९६ साली सरकारी विद्यालय सुरू झाले. तेच पुढे ‘लीसे हेन्री कात्र’ म्हणून नावारूपास आले आणि देशभरातील निवडक विद्यार्थ्यांचे केंद्र बनले. महाराष्ट्रात १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा करण्यात आले. ह्या दोन्ही घटनांमुळे अनेक वाडे ब्रिटिशांच्या हाती आले. त्यांपैकी काही आगीत नष्ट झाले. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. काहींत कचेऱ्या आल्या, तर काहींत विद्यालये भरू लागली.

पुणे : विश्रामबाग वाडा दुसरा बाजीराव पेशवा (कार. १७९६–१८१८) याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. दर्शनी भागातील लाकडी सज्जा, सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब आणि ऐसपैस चौक यांमुळे उत्तर पेशवाईतील नागरी वास्तुशैलीचा तो उत्कृष्ट नमुना मानला जातो. शनिवारवाड्याऐवजी ह्या वाड्यात राहणे बाजीराव पसंत करी.

पेशवाईत दरवर्षी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. नव्या राज्यकर्त्यांना ती एकदम बंद करणे धोक्याचे वाटले, परंतु तशीच पुढे चालविणेही त्यांना उधळपट्टीचे वाटत होते. दक्षिणेच्या निधीतील काही भाग शिक्षणाकडे वळविण्याची योजना मुंबईचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (कार. १८१९–२७) व दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन यांच्या विचारातून पुढे आली. त्यानुसार ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा (हिंदू कॉलेज) सुरू झाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वेदान्त, अलंकार, ज्योतिष, वैद्यक ह्या शास्त्रांबरोबर तेथे वेदांचेही अध्यापन होई. अध्यापक शास्त्रीमंडळींना वेतन व विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळे. त्यामुळे दूरच्या गावांतील गरीब पण हुशार मुले पुण्यास येऊन शिकू शकत. मात्र ही सोय ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. दक्षिणेचे लाभार्थी आणि पाठशाळेचे विद्यार्थी एकाच वर्गातील राहिले. सरकारी तिजोरीतून चालणारी ही संस्था त्या अर्थाने सार्वजनिक नव्हती.

पुढील तीन दशकांत पाठशाळेचे रूप पालटले. वेदांचे अध्यापन बंद झाले आणि मेजर टॉमस कँडी याच्या देखरेखीखाली मराठी व इंग्रजीकडे अधिक लक्ष देण्यात येऊ लागले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाशी निगडित असलेला हा अधिकारी पाठ्यपुस्तकांच्या मराठी भाषेवर बारकाईने नजर ठेवी. मराठी गद्याचे एक प्रवर्तक कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) ह्याच पाठशाळेचे विद्यार्थी होते. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीच्या उत्तेजनार्थ खर्च करावा, असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी १८४९ मध्ये सरकारकडे केला. गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांचा त्यात पुढाकार होता. सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपल्या सहकाऱ्यांसह उभे राहिले. अखेरीस १८५१ मध्ये दक्षिणा बक्षीस समितीची व्यवस्था अंमलात आली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि १८३२ मध्ये निघालेली सरकारी इंग्रजी शाळा यांचे एकीकरण होऊन ‘पूना कॉलेज’ अस्तित्वात आले. ह्या पुनर्रचनेत प्रवेशावरील जातीचे बंधन तत्त्वतः दूर झाले.

त्यानंतर वर्षभराने विश्रामबाग वाड्यात घडलेली घटना ह्या वास्तूच्या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा सुरू केल्या. ह्या कार्याबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे शाली देऊन जोतीरावांचा सत्कार करण्यात आला. ज्या वाड्यात तीस वर्षांपूर्वी केवळ एका वर्णासाठी पाठशाळा उघडली होती, त्याच वाड्यात स्त्रीशूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा जाहीर गौरव झाला. तथापि हा गौरव झाला, तो वाड्याबाहेर चाललेल्या खाजगी प्रयत्नांचा. त्या शाळांतील मुले-मुली विश्रामबागेतील वर्गांत बसू लागली, असा त्याचा अर्थ नव्हता.

पूना कॉलेजला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याजवळ बांधलेल्या नव्या इमारतीत ते १८६८ मध्ये गेले. शालेय विभाग मात्र सरकारी ‘पूना हायस्कूल’ म्हणून विश्रामबागेतच राहिला. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारी जी मोजकी विद्यालये होती, त्यांत ह्याची गणना होई. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) येथे शिक्षक होते. त्यांची पुढे रत्नागिरीस बदली झाली. सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. ती शाळाही पेठेतील एका जुन्या वाड्यातच सुरू झाली. सरकारी विद्यालयाच्या तोडीचे किंबहुना त्याहून सरस शिक्षण लोकांच्या वर्गणीतून देता येते, हे तिने सिद्ध केले. नाना फडणिसांच्या वाड्यात पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीची शाळा भरू लागली. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेत १८८४ मध्ये स्थापन झालेले मुलींचे हायस्कूल स्थिरावले आणि ‘हुजूरपागा’ ह्याच नावाने ते ख्यातनाम झाले.

मे १८७९ मध्ये लावण्यात आलेल्या आगीत बुधवार वाडा भस्मसात झाला आणि विश्रामबाग वाड्याच्या काही भागाचीही मोठी हानी झाली. दर्शनी भाग मात्र बचावला. पुढे वर्गणी जमवून व नगरपालिकेच्या साहाय्याने वाड्याची दुरुस्ती करण्यात आली. १९३० ते १९५९ ह्या काळात पुणे नगरपालिकेचा (१९५० पासून महानगरपालिकेचा) कारभार ह्याच वाड्यातून चाले. भिडे वाडा मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. न्यायालयीन वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ती मोडकळीस आलेली इमारत पाडण्यात आली व त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. सरकारी पाठशाळेचा वाडा टिकला आणि मुलींच्या शाळेचा वाडा टिकला नाही. हा केवळ योगायोग मानता येत नाही. सरकारी मालकी व वापर यांमुळे एका वास्तूची देखभाल होत राहिली, तर खाजगी मालकीच्या दुसऱ्या वास्तूकडे शंभराहून अधिक वर्षे कोणाचे पुरेसे लक्ष गेले नाही.

प्रवेशाचा प्रश्न : सर चार्ल्स वुड याच्या १८५४ च्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले आणि सरकारी शाळांवर ह्या खात्याचे नियंत्रण आले. ह्या शाळा सर्वांसाठी खुल्या आहेत काय, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड येथील सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने जून १८५६ मध्ये सरकारकडे दाद मागितली. एका विद्यार्थ्यासाठी शाळेतील इतर सर्व विद्यार्थी गमावण्याचा संभव आहे, असे कारण देऊन मुंबई सरकारने हस्तक्षेप करण्याचे नाकारले. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने मात्र १८५८ मध्ये निराळा निर्णय दिला. सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या असल्या पाहिजेत, हे तत्त्व त्याने निःसंदिग्धपणे मांडले. १८८२ च्या भारतीय शिक्षण आयोगाने (हंटर आयोग) हे तत्त्व मान्य केले, पण ते सावधपणे अंमलात आणावे, असे सुचविले. आयोगापुढे फुले यांनीही निवेदन सादर केले होते. शेतकऱ्यांच्या करातून मिळणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

माध्यमिक शिक्षणाचा भार सरकारने हळूहळू खाजगी संस्थांवर सोपवावा, अशी हंटर आयोगाची शिफारस होती. लॉर्ड कर्झनच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने खाजगी शाळांना आदर्श म्हणून काही सरकारी संस्था राखण्याचे तत्त्व स्वीकारले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी हायस्कुलांना ह्यामुळे विशेष प्रतिष्ठा प्राप्त झाली. शिक्षक पदवीधर, ग्रंथसंग्रह चांगला आणि शिष्यवृत्त्या उपलब्ध, अशी त्यांची ख्याती झाली. आसपासच्या गावांतील मुले नातेवाइकांकडे वा खानावळीत राहून तेथे शिकत. शाळेचे आकर्षण वाढत गेले, तसतसे तिच्या दारातून कोणाला आत येता येते, ह्या प्रश्नाचे महत्त्वही वाढत गेले.

सातारा : ब्रिटिशांनी १८१८ मध्ये गादीवर बसविलेले छत्रपती प्रतापसिंह (कार. १८१८–३९) विद्येचे चाहते होते. त्यांनी साताऱ्यात शाळा काढली आणि ग्रंथांच्या मुद्रणाकडेही लक्ष पुरविले. ब्रिटिशांविरुद्ध कारस्थान केल्याचा आरोप ठेवून त्यांना सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत करण्यात आले. त्यांची रवानगी काशीस झाली व तेथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये अनेक वर्षे झटत राहिले, परंतु त्यांना यश आले नाही. प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये मृत्यू पावले. त्यांचा दत्तकपुत्र अमान्य करून गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याने राज्य खालसा केले.

राज्य खालसा झाल्यावर लवकरच, म्हणजे १८५१ मध्ये, साताऱ्यात सरकारी इंग्रजी शाळा स्थापन झाली. छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात भरणारे सातारा हायस्कूल ते हेच होय. शाळेच्या शताब्दीनिमित्त १९५१ मध्ये तिला प्रतापसिंहांचे नाव देण्यात आले. ज्या सत्तेने राजाला हद्दपार केले, तिनेच काढलेल्या शाळेला पुढे त्या राजाचे नाव मिळाले. त्या नावामुळे शाळा व राजवाडा यांचा तुटलेला संबंध जनमानसात पुन्हा जुळला. छत्रपती प्रतापसिंह महाराज हायस्कूल सातारा जिल्हा परिषदेमार्फत चालविले जाते.

ह्या विद्यालयाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची नोंद प्रवेशपुस्तकातील आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिल्या इयत्तेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ ह्या विद्यार्थ्याने प्रवेश घेतला. प्रवेशपुस्तकातील त्याचा अनुक्रमांक १९१४ आहे. हा विद्यार्थी म्हणजेच भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) होत. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह साताऱ्यात राहत होते. लष्करी सेवेमुळे ह्या कुटुंबाला शिक्षणाचे महत्त्व पटलेले होते. धारवाडच्या मुलाला चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जे दार बंद होते, ते साताऱ्यात उघडले गेले.

तथापि दार उघडले, म्हणून समानता आली नाही. साताऱ्यातील शालेय जीवनाविषयी आंबेडकरांनी पुढे आत्मनिवेदनपर लेखनात जे नमूद केले, ते ह्या संदर्भात महत्त्वाचे आहे. वर्गात त्यांना इतर मुलांपासून वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे. बसण्यासाठी घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा रोज घरी परत न्यावा लागे. पाण्याच्या नळाला त्यांना हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला, तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला, तर तहानलेलेच राहावे लागे. प्रवेशाचा हक्क आणि शाळेतील वागणूक यांतील अंतर ह्यातून स्पष्ट होते. सु. १९०४ मध्ये हे कुटुंब मुंबईस गेले. तेथील सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमधून आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांच्या शाळाप्रवेशाच्या स्मरणार्थ ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून राज्यभर पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये घेतला.

सार्वजनिक शाळांतील मज्जाव दूर करण्यासाठी पुढे कायदेमंडळातही प्रयत्न झाले. सरकारी पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादींचा वापर करण्यास अस्पृश्यांना मुभा असावी, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. सरकारी वा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्म, वंश, जात वा भाषा ह्या कारणांवरून प्रवेश नाकारण्यास एकोणतिसाव्या अनुच्छेदाने बंदी घातली.

कोल्हापूर : कोल्हापूर संस्थानात राजघराणे सत्तेवर असतानाच जुन्या राजवाड्याचा परिसर विद्येसाठी उपयोगात आला. भवानी मंडपालगतच्या इमारतीत संस्थानाचे हायस्कूल भरू लागले आणि १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले. फ्लॉरेन्स येथे १८७० मध्ये अकाली निधन पावलेले छत्रपती राजाराम यांचे नाव ह्या संस्थांना मिळाले. कोल्हापूरचे वैशिष्ट्य असे, की प्रवेशाचा प्रश्न तेथे राजाज्ञेने सोडविण्यात आला. राजर्षी शाहू महाराज (कार. १८९४–१९२२) यांनी विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढून खेड्यांतील मुलांची शहरात राहण्याची सोय केली. संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत दाखल करून घेण्याचा आदेश काढला. नामांकित विद्यालय खेड्यातील गरीब मुलाच्या आवाक्यात यावयाचे, तर त्याला निवाऱ्याची जोड हवी, हे शाहू महाराजांनी ओळखले होते.

मराठवाडा : हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मराठवाड्यात प्रवेशाचा प्रश्न जातीबरोबरच भाषेचाही होता. औरंगजेबाने सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेत बांधलेल्या किलेअर्क ह्या राजमहालाच्या परिसरात १९२३ मध्ये सरकारी महाविद्यालय सुरू झाले. शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच होय. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि संस्थानातील सरकारी विद्यालयांची घडणही त्याच भाषेस अनुरूप होती. परभणी, नांदेड, बीड इ. जिल्ह्यांतील मराठी भाषक मुलास आपली भाषा बाजूस ठेवल्याखेरीज ह्या संस्थांत पुढे जाता येत नसे. महाविद्यालयीन शिक्षणासाठी परभणीच्या विद्यार्थ्यास औरंगाबाद वा हैदराबाद गाठावे लागे. ह्या उणिवेतून औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५), अंबेजोगाईचे योगेश्वरी विद्यालय (१९१७), हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा (१९२१) यांसारख्या लोकाश्रयी संस्था उदयास आल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परगा व अंबेजोगाई येथे अध्यापन केले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यावर परिस्थिती बदलू लागली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे डॉ. आंबेडकर यांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय स्थापन केले. मिलिंद महाविद्यालय ह्या नावाने ते प्रसिद्धीस आले. तेथील वसतिगृहांमुळे परभणीसह मराठवाड्याच्या सर्व भागांतील दलित व ग्रामीण विद्यार्थी उच्च शिक्षणाकडे वळले. सातारच्या राजवाड्यातील शाळेत कोपऱ्यात बसविल्या गेलेल्या विद्यार्थ्याने उभारलेली ही संस्था मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात मानाचे स्थान पावली.

स्वातंत्र्योत्तर काळ : गुणवान विद्यार्थ्यांसाठी विशेष सरकारी शाळा असाव्यात, ही कल्पना स्वातंत्र्यानंतर नव्या स्वरूपात पुढे आली. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने १९६० नंतरच्या दशकात निवासी शासकीय विद्यानिकेतने स्थापन केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार केंद्र शासनाने जिल्हावार नवोदय विद्यालये काढली. त्यांत सहावीच्या वर्गात परीक्षेद्वारा प्रवेश देण्यात येतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती-जमातींसाठीही आरक्षण असते. अविभक्त परभणी जिल्ह्यासाठी असे विद्यालय वसमत येथे सुरू झाले. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला आणि वसमत त्या जिल्ह्यात गेले.

ह्याच सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही सदृश प्रयोग चालू होता. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरविणारा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. परंतु वस्त्याच वेगळ्या असल्याने शाळाही वेगळ्याच राहिल्या. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात विज्ञान, कला इत्यादींचे खास अभ्यासक्रम असलेल्या सार्वजनिक शाळा काढण्यात आल्या. लोहचुंबकाप्रमाणे सर्व वस्त्यांतील मुलांना त्यांनी ओढून घ्यावे, ह्या अपेक्षेने त्यांना ‘मॅग्नेट स्कूल’ हे नाव पडले. महाराष्ट्रातील जुन्या सरकारी हायस्कुलांतही हे आकर्षण होते. मात्र सर्व स्तरांतील मुलांना एकत्र आणणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. तो त्यांच्यावर अर्ज, चळवळी, राजाज्ञा व कायदे यांच्याद्वारे नंतर बिंबविण्यात आला.

वास्तूंचे जतन : जुना वाडा शाळेच्या दृष्टीने सर्वथा सोयीचा नसतो. जाड भिंती व उंच छत यांमुळे उन्हाळ्यात गारवा राहतो आणि मोकळा चौक सभा, कवायत व खेळ यांस उपयोगी पडतो. परंतु खोल्यांत उजेड कमी असतो, माड्यांचे जिने अरुंद असतात आणि लाकूडकामाला वाळवी, ओल व आग यांचे भय असते. प्रयोगशाळा, स्वच्छतागृहे व विजेची व्यवस्था नंतर बसविताना मूळ रचनेस धक्का लागतो. दुसऱ्या बाजूने पाहता, रोजच्या वापरामुळेच वास्तूची डागडुजी होत राहते. वापराविना पडलेले अनेक वाडे एक-दोन पिढ्यांतच ढासळले. म्हणूनच वास्तूच्या जतनाचा विचार करताना शाळा हलविणे हा एकमेव मार्ग मानता येत नाही. वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दुरुस्ती, आगीपासून संरक्षण आणि प्रवेशपुस्तके, हजेरीपट, जुने ग्रंथ यांसारख्या दप्तराचे जतन ह्या गोष्टीही तितक्याच आवश्यक ठरतात. साताऱ्याच्या प्रवेशपुस्तकातील एका ओळीचे मोल राजवाड्यातील कोणत्याही नक्षीकामापेक्षा कमी नाही.

महाराष्ट्रातील ह्या विद्यालयांनी इंग्रजी विद्येचा प्रसार केला, मराठी गद्य घडविणारे लेखक व शिक्षक दिले आणि सार्वजनिक जीवनाला नेतृत्व पुरविले. त्यांचे स्थान वास्तूच्या भव्यतेने जसे ठरले, तसेच ते प्रवेशाच्या नियमांनीही ठरले. विश्रामबागेत १८२१ मध्ये उघडलेले विद्येचे दार काहींनाच खुले होते. साताऱ्यात १९०० मध्ये उघडलेल्या दारातून आत गेलेल्या मुलाला कोपऱ्यातील जागा मिळाली. कोपरा आणि वर्ग यांतील ते अंतर नाहीसे होण्यास आणखी अर्धे शतक आणि एक संविधान लागले. उत्तम सरकारी शाळा ही काही थोड्यांची मिरास नसून सर्वांचा हक्क आहे, हे तत्त्व ह्या वाड्यांच्या चौकांतून टप्प्याटप्प्याने आकारास आले.